छातीतली गाठ, पण फुप्फुसाची नव्हे

वाचकांचे प्रश्न, शल्यचिकित्सकाची उत्तरे

छातीच्या एक्स-रेवर दिसणारी प्रत्येक सावली क्षयरोगाची नसते, असे मी मागील अंकात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच दुर्मीळ आजाराविषयी आहेत. मज्जातंतूच्या आवरणापासून छातीत वाढणारी साधी, म्हणजे कर्करोगाची नसलेली, गाठ हा तो आजार. त्यावर मराठीत वाचायला फारसे मिळत नाही, म्हणून या महिन्याचे सदर या पाच पत्रांनाच देत आहे. एक खुलासा आधीच करते. बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. येथे नस हा शब्द मी केवळ मज्जातंतू या अर्थाने वापरला आहे.

प्रश्न : माझे यजमान ४६ वर्षांचे असून त्यांना कसलाही त्रास नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एक्स-रेवर उजव्या बाजूला गोल सावली दिसली. आमच्या डॉक्टरांना क्षयाची शंका आली, पण थुंकीत काही निघाले नाही. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये मणक्यालगत ५ सेंटिमीटरची गाठ असून ती श्वानोमा असावी, असे लिहिले आहे. सर्जन काढून टाका म्हणतात. सासरे म्हणतात, दुखत नाही तर हात लावू नका, चाकू लागला की गाठ पसरते. शिवाय आधी सुईने तुकडा का काढत नाहीत, हेही मला समजत नाही. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : ताई, आपल्या सासऱ्यांच्या भीतीपासून सुरुवात करते, कारण ही भीती मी बाह्यरुग्ण विभागात सतत ऐकते आणि तिच्यापायी माणसे मोलाची वर्षे दवडतात. साधी गाठ चाकू लागल्याने पसरत नाही, आणि चाकू लागल्याने तिचा कर्करोगही होत नाही. हे आपण त्यांना माझ्या नावाने सांगावे.

आता गाठ काय आहे ते पाहू. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे नसेतील तंतूंभोवती विशिष्ट पेशींचे आवरण असते. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास या पेशींचे वर्णन केले, म्हणून त्यांना श्वान पेशी म्हणतात आणि त्यांच्यापासून वाढणाऱ्या गाठीला श्वानोमा. मणक्याच्या दोन्ही अंगांनी, प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने, एकेक नस निघून छातीला वळसा घालत पुढे येते. त्यामुळे अशा बहुतेक गाठी छातीच्या मागच्या भागात, मणका आणि बरगड्या यांच्यामधल्या खोलगट जागेत सापडतात. प्रौढ माणसात या जागी नसेपासून उगवलेल्या गाठींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साध्या असतात. गाठ फुप्फुसात नसते, ती फुप्फुसाला केवळ बाजूला सारते. म्हणूनच आपल्या यजमानांना खोकला नाही आणि थुंकीतही काही निघाले नाही.

आपल्या डॉक्टरांनी क्षयाचा विचार केला यात त्यांचे काही चुकले नाही. मणक्याच्या क्षयातही मणक्यालगत पू साठतो आणि एक्स-रेवर तशीच सावली उमटते. मुंबईत हा विचार न करणे हीच चूक ठरेल. परंतु क्षय मणक्याचे हाड खातो आणि दोन मणक्यांमधली चकती नष्ट करतो, तर नसेची गाठ वर्षानुवर्षे हळूहळू दाबत राहिल्याने बरगडीची कड गुळगुळीत झिजते, दोन बरगड्यांमधले अंतर वाढते आणि हाडाची बाह्यरेषा शाबूत राहते. हा फरक स्कॅनवर दिसतो. तो न पाहता ‘औषधे चालू करून तर बघू’ म्हणत क्षयाच्या गोळ्या महिनोन्‌महिने देणे मला मुळीच मान्य नाही.

मग दुखत नसताना काढायची कशासाठी? अशी गाठ बहुधा वर्षाला काही मिलिमीटर इतक्याच गतीने वाढते, पण ती थांबेलच याची हमी नसते, आणि वाढायला तिला तीनच वाटा असतात. फुप्फुसाकडे, बरगड्यांकडे किंवा मणक्याच्या छिद्रातून आत, मज्जारज्जूकडे. शिवाय ती साधीच आहे हे निर्विवादपणे कळते ते अखंड गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर. ४६ वर्षांच्या धडधाकट माणसाची ५ सेंटिमीटरची गाठ आज लहान छिद्रांतून काढता येते, तीच १० सेंटिमीटरची झाली की कदाचित छाती उघडावी लागते. रुग्ण ऐंशीचा असता, हृदय कमजोर असते आणि गाठ दोन सेंटिमीटरची असती, तर मी स्वतःच स्कॅन करत थांबू या असे म्हटले असते.

सुईविषयी आपली शंका रास्त आहे. स्कॅनवरचे चित्र स्पष्ट असेल, तर आम्ही बहुधा आधी तुकडा काढत नाही. सुई नसेच्या गाठीत शिरली की रुग्णाला बरगडीभर विजेचा झटका बसल्यासारखी कळ येते, आणि इवल्याशा तुकड्यावरून पुष्कळदा ठाम उत्तर मिळतही नाही. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की मज्जारज्जूच्या आवरणाचा फुगवटा मणक्याच्या छिद्रातून छातीत डोकावत असेल, तर सीटीवर तो हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो, आणि त्याला सुई टोचली तर मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे पाणी गळू लागते. गाठ झपाट्याने वाढत असेल, सतत दुखत असेल किंवा चित्र संशयास्पद असेल, तर मात्र तुकडा आधी घेतलेला बरा.

म्हणून माझा आग्रह सुईचा नसून एमआरआयचा आहे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी मणक्याच्या छातीच्या भागाचा एमआरआय झालाच पाहिजे, आणि सर्जनना आपण एकच प्रश्न विचारावा : ही गाठ नेमकी कोणत्या नसेवर आहे आणि ती मणक्याच्या छिद्रात शिरली आहे का? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे ठरते. यजमानांचा रक्तदाब मधूनच खूप वाढत असेल, छातीत धडधडून दरदरून घाम फुटत असेल, तर तेही सांगावे. याच जागी क्वचित संप्रेरके सोडणारी वेगळ्या जातीची गाठ असते. रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीने ती ओळखता येते, आणि ती न ओळखता हात लावल्यास टेबलावरच रक्तदाब भडकतो.

शस्त्रक्रिया कशी होते, तेही सांगते, म्हणजे मनातले चित्र खरे राहील. रुग्णाला पूर्ण भूल देऊन कुशीवर झोपवतात. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत दुहेरी नळी घालतात, त्यामुळे एका फुप्फुसावर श्वास चालू ठेवून दुसरे मिटवून ठेवता येते. काखेखाली एक ते दोन सेंटिमीटरची साधारण तीन छिद्रे पाडून एकातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून हत्यारे आत जातात. फुप्फुस मिटले की समोर गाठ दिसते. पारदर्शक, चमकत्या पडद्याखाली बसलेली, पिवळसर पांढरी, गुळगुळीत, वर बारीक लाल रक्तवाहिन्यांची जाळी असलेली. तिच्या शेजारून, बरगड्यांच्या टोकांवरून, सहानुकंपी नसांची (घाम, डोळ्याची बाहुली अशा आपोआप चालणाऱ्या गोष्टी सांभाळणाऱ्या नसांची) पांढरी साखळी खाली उतरत असते. गाठीभोवतालचा पडदा गोल कापून, ती न ओढता, चारही बाजूंनी हलकेच मोकळी करायची, तिच्यात येणारी आणि तिच्यातून जाणारी नस ओळखायची, रक्तवाहिन्यांना क्लिप लावून दोन्ही टोके कापायची आणि गाठ पिशवीत घालून बाहेर काढायची. छातीत एक नळी ठेवतात, ती बहुधा एकदोन दिवसांत निघते आणि रुग्ण साधारण तीनचार दिवसांत घरी जातो. बरगडीखालची एक नस कापल्याने छातीवर एक पट्टा बधिर राहतो. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते.

प्रश्न : माझी मुलगी २८ वर्षांची असून पेटी शिकवते. तिच्या छातीत उजवीकडे अगदी वर, पहिल्या बरगडीजवळ, ३ सेंटिमीटरची नसेची गाठ आहे. शस्त्रक्रियेनंतर पापणी खाली येऊ शकते आणि हाताची ताकद कमी होऊ शकते, असे सर्जननी सांगितल्यापासून तिने जेवण सोडले आहे. हा धोका घ्यावाच का? (एक आई, ठाणे)

उत्तर : सर्जननी हे आधी सांगितले याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. मुलीलाही हे समजावून सांगावे, कारण न सांगता शस्त्रक्रिया उरकणारे जास्त धोक्याचे.

छातीच्या शिखराशी दोन गोष्टी अगदी खेटून असतात. पहिली सहानुकंपी नसांचा गुच्छ, ज्याला स्टेलेट गँगलियन म्हणतात. त्याला इजा झाली तर त्या बाजूची पापणी थोडी खाली येते, डोळ्याची बाहुली बारीक होते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. नजर मात्र शाबूत राहते. गुच्छ केवळ दुखावला असेल तर हे पुष्कळदा काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, तो कापावाच लागला तर टिकते. दुसरी गोष्ट आपल्या मुलीसाठी अधिक मोलाची आहे. छातीची पहिली नस वर जाऊन हाताच्या नसांच्या जाळ्यात मिळते आणि पंजातल्या लहान स्नायूंना चालवते. बोटे फाकवणे, जवळ आणणे, पट्टीवर एकेक बोट स्वतंत्र दाबणे हे तिचे काम.

अशा ठिकाणी गाठ नसेसकट कापून काढायची नसते. श्वानोमा नसेच्या एका अंगाला वाढते, वेलीला एका बाजूने तोंडले लागावे तशी, आणि बाकीचे तंतू तिच्या आवरणावरून पसरून पुढे जातात. सर्जन विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने आवरणाची जागा न्‌ जागा तपासतात. जेथे प्रवाह दिल्यावर हाताचा स्नायू हलत नाही, तेथे लांबीच्या दिशेने चीर देऊन आतला गर अलगद सोडवून घेतात आणि आवरण तंतूंसह जागेवर ठेवतात. त्यासाठी त्या वेळी भूलतज्ज्ञांनी स्नायू शिथिल करणारे औषध टाळावे लागते, म्हणून त्यांच्याशीही आधी बोलणे व्हायला हवे. आवरण मागे राहिल्याने गाठ पुन्हा होण्याची शक्यता किंचित वाढते. पेटीवरचा हात वाचवण्यासाठी हा सौदा मी विनासंकोच करीन.

गाठ लहान असतानाच तंतू वाचवणे सोपे असते, म्हणून भीतीपोटी दोनतीन वर्षे लांबवू नये. सर्जनना एवढेच विचारावे, की नस वाचवून गाठ काढण्याचा अनुभव त्यांना आहे का आणि शस्त्रक्रियेत नस तपासण्याचे यंत्र असेल का.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपासून स्टेशनचा पूल चढताना त्यांचे पाय जड होतात. एमआरआयमध्ये डावीकडे दहाव्या मणक्याजवळ गाठ असून ती अर्धी छातीत, अर्धी मणक्याच्या आत आहे. रुग्णालयात दोन वेगवेगळे सर्जन लागतील म्हणाले, वर रक्तवाहिन्यांची आणखी एक तपासणी सांगितली. एकाच गाठीला दोन सर्जन कशाला? खर्चाचीही काळजी आहे. (एक मुलगा, विरार)

उत्तर : छातीतील नसांच्या गाठींपैकी दहातील साधारण एक अशी असते. मणक्याच्या अरुंद छिद्रात तिची कंबर आवळली जाते आणि दोन्ही बाजूंना ती फुगते, थेट डमरूसारखी. आतला भाग मज्जारज्जूला दाबतो, म्हणून पाय जड होतात. हे लक्षण दिसू लागल्यावर महिने घालवू नयेत. लघवीवरचा ताबा सुटू लागला किंवा पाय झपाट्याने लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दोन सर्जन का लागतात, हे मी पुस्तकातून शिकले नाही. शिकाऊ डॉक्टर असताना माझ्यासमोर अशाच एका रुग्णाची शस्त्रक्रिया झाली. त्याचा फक्त सीटी झाला होता, एमआरआय झाला नव्हता. छातीतला भाग सुटला, पण ओढताना छिद्रातून रक्त येऊ लागले. रक्त थांबवणारा कापसासारखा पदार्थ छिद्रात भरला गेला आणि रक्त थांबलेही. संध्याकाळी मी खाटेपाशी जाऊन त्या गृहस्थांना पायाचा अंगठा हलवायला सांगितले. ते माझ्याकडे पाहून ‘हलवतोय की’ म्हणाले. चादरीखाली अंगठा हलत नव्हता. भरलेला पदार्थ फुगून छिद्रातून आत मज्जारज्जूवर दाबत होता. रात्रीच मणका उघडून तो काढला आणि काही आठवड्यांनी ते काठी घेऊन चालू लागले. तो अंगठा मी आजतागायत विसरलेले नाही, आणि छिद्रापाशी काम करताना मी ना ओढते, ना भाजणारे हत्यार वापरते, ना काही कोंबते.

डमरूच्या गाठीत मणक्याचे सर्जन पाठीकडून मणक्याचा थोडा भाग उघडून आतली गाठ प्रथम मज्जारज्जूपासून सोडवतात आणि मज्जारज्जूच्या आवरणाला भोक पडले असेल तर ते शिवतात. मग छातीचे सर्जन दुर्बिणीतून उरलेला भाग काढतात. एकाच भुलेत, एकाच दिवशी दोन्ही कामे करण्याची ही रीत अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या सर्जननी १९७८ मध्ये मांडली आणि आजही तीच पाळली जाते. दुर्बीण तिच्यात १९९० च्या दशकात आली, एवढेच.

रक्तवाहिन्यांच्या तपासणीचे कारण वडिलांच्या गाठीच्या जागेत आहे. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त देणारी अ‍ॅडमकिविझची धमनी बहुतेकांमध्ये डावीकडूनच, नवव्या ते बाराव्या छातीच्या मणक्यादरम्यान निघते. ती अनवधानाने बंद झाली तर पाय जातात. ती कोठे आहे हे आधी ठाऊक असणे हा चैनीचा खर्च नव्हे.

खर्चासाठी रुग्णालयातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला भेटावे. शिधापत्रिका, आधार आणि एमआरआयचा रिपोर्ट सोबत न्यावा, आणि ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मंजुरी शस्त्रक्रियेआधी लागते, नंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

प्रश्न : मी शिक्षक असून मला लहानपणापासून अंगावर दुधाच्या चहाच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी आहेत. आता छातीतही दोन गाठी निघाल्या. सगळ्या काढाव्यात का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा न्यूरोफायब्रोमॅटोसिस या नसांवर अनेक गाठी येणाऱ्या जन्मजात आजाराचा पहिला प्रकार असावा. तो सतराव्या गुणसूत्रावरील दोषाने होतो आणि सुमारे ३,००० जन्मांमागे एकात आढळतो. यातील गाठी श्वानोमासारख्या बाजूला बसलेल्या नसतात. पिठाच्या गोळ्यात दोरे मळले जावेत, तसे नसेचे तंतू गाठीच्या आरपार गेलेले असतात. त्यामुळे गर सोडवून नस वाचवणे पुष्कळदा जमत नाही आणि सगळ्या गाठी काढण्याच्या मागे लागणे शहाणपणाचे नाही. जी गाठ दाबते, दुखते किंवा वाढते तीच काढावी, बाकीच्यांवर नियमित एमआरआयने लक्ष ठेवावे.

हे लक्ष ठेवणे मात्र मनावर घ्यावे, कारण या आजारात आयुष्यभरात शंभरातील साधारण आठ ते तेरा जणांच्या नसेत कर्करोग उद्भवतो. एखादी गाठ अचानक वाढू लागली, टणक झाली, रात्री झोपमोड करण्याइतकी दुखू लागली, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. मुले असल्यास त्यांचीही तपासणी करावी. प्रत्येक अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते.

प्रश्न : दुर्बिणीतून माझी ४ सेंटिमीटरची गाठ काढून तीन आठवडे झाले. तुकडा तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘एस-१०० पॉझिटिव्ह’, ‘अँटोनी ए’ आणि ‘एन्शंट चेंज’ असे लिहिले आहे. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग ना? घरी कोणाला सांगितलेले नाही. कामावर लोकलने जावे लागते, कधीपासून जाऊ? (एक वाचक, दादर)

उत्तर : नाही, आणि आज रात्रीच घरी सांगून टाकावे. एस-१०० हे एका प्रथिनाचे नाव आहे. अमोनियम सल्फेटच्या १०० टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलेच राहते, यावरून ते पडले. त्या आकड्याचा आजाराच्या टप्प्याशी काहीही संबंध नाही. श्वान पेशींत हे प्रथिन भरपूर असते, म्हणून ते पॉझिटिव्ह येणे म्हणजे गाठ खरोखरच श्वान पेशींची आहे याचा पुरावा. निल्स अँटोनी या स्वीडिश डॉक्टरांनी १९२० मध्ये श्वानोमातील पेशींच्या दोन रचना नोंदवल्या, दाट आणि विरळ. पहिलीला ए म्हणतात, दुसरीला बी. ए म्हणजे पहिला टप्पा नव्हे. ‘एन्शंट चेंज’ म्हणजे गाठ जुनी असल्याने काही पेशींची केंद्रके वेडीवाकडी दिसतात. या खुणेने अननुभवी डोळा फसू शकतो, पण ती साध्या गाठीचीच आहे. रिपोर्टच्या शेवटी ‘श्वानोमा’ लिहिले असेल आणि गाठ अखंड निघाली असेल, तर ती पुन्हा होणे फार विरळा.

छिद्रांच्या जागी जळजळ किंवा कपडा लागला तरी टोचणे अजून काही आठवडे राहील. नसेच्या दुखण्यावर वेगळ्या गोळ्या असतात, तेव्हा साध्या वेदनाशामक गोळ्या वाढवत बसण्याऐवजी सर्जनना त्या विचाराव्यात. बसून करण्याचे काम असेल तर आता जायला हरकत नाही. जड उचलणे मात्र सहा आठवडे टाळावे. गर्दीच्या वेळी डब्यात शिरताना बरगडीवर कोपर बसतोच, म्हणून पहिले पंधरा दिवस कचेरीत विनंती करून गर्दी उलटल्यावरची गाडी धरावी, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूच्या खांद्याला बॅग लावू नये. पुढच्या भेटीला जाल तेव्हा प्रयोगशाळेतून गाठीचे नमुने असलेले मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घ्याव्यात आणि जुन्या सीटीसोबत घरी जपून ठेवाव्यात. पुढे कधी कोणाला शंका आली तर तपासायला मूळ वस्तू हाताशी असेल.